मांजर परत परत गादीवर शू करतंय? आमच्या मिसळचे चार राउंड आणि चार वेगळी कारणं

आधीच सांगते, हे वाचून तुमचं मांजर एका रात्रीत सुधारेल असं काही नाहीये. पण बाहेरचं मांजर घरात घेतलंय, ते डब्यात शू करायला शिकलं, तुम्ही चार लोकांना कौतुकाने सांगूनही झालं आणि मग महिन्याभराने परत गादीवर सुरू, मग आपोआप बंद, मग परत सुरू, असं काही चालू असेल तर हे तुमच्यासाठी. आमच्याकडे जून ते दिवाळी असे चार राउंड झाले. वास चारही वेळा तोच, कारण मात्र दर वेळी वेगळं निघालं. आणि आम्ही शहाण्यासारखं दर वेळी मागच्या वेळचाच उपाय करत बसलो, त्यामुळे जे दोन दिवसांत मिटलं असतं त्याला पंधरा-पंधरा दिवस गेले.

मिसळ म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधली मांजरी. काळा, भगवा, मधेच पांढरा, कुणीतरी वरून फरसाण टाकल्यासारखी दिसते म्हणून मिसळ. (तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, हे मला डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं, तोपर्यंत नवरा तिला 'काय रे बोक्या' म्हणत होता.) मुलुंडला पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री पार्किंगमध्ये पाणी भरलं आणि ही वॉचमनच्या खुर्चीखाली भिजून बसलेली. उचलताना नवऱ्याला कडकडून चावली. इथे एक गोष्ट आधी सांगून टाकते, रस्त्यावरचं मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर हळद लावून बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनला जायचं. सरकारी दवाखान्यात ते 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी देतात, जखमेतून रक्त आलं असेल तर पहिल्या दिवशी जखमेतही वेगळं इंजेक्शन असतं. नवरा कुरकुरत का होईना चारही वेळा गेला.

दात बघून डॉक्टरबाई म्हणाल्या पाचेक महिन्यांची असेल. जंताचं औषध, पिसवांचे थेंब, पुढे ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची लस) आणि रेबीज, ते सगळं झालं. पिसवांचं औषध मांजराचंच घ्या हं, कुत्र्याचं उरलंय म्हणून लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

आता राउंड पहिला. आम्ही काय केलं, तर आणल्या आणल्या तिला सगळं घर मोकळं दिलं. वन बीएचके, त्यात काय एवढं, असं वाटलं. ती गेली वॉशिंग मशीनच्या मागे ती दोन दिवस तिथेच. मी ऑनलाइन लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर (मांजराच्या संडासाच्या डब्यात भरायचे ते खडे) आणि झाकणवाला डबा मागवला, तो बाथरूमच्या पॅसेजमध्ये ठेवला, आणि तिने शू कुठे केली? सासूबाईंच्या तुळशीच्या कुंडीत. मग हॉलमधल्या कापसाच्या गादीच्या कोपऱ्यात. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मांजराशी मात्र बोलत होत्या.

तेव्हा राग आला होता पण विचार केला तर सरळ आहे की. तिने जन्मात माती सोडून कशावर शू केलेली नाही, तिला काय कळणार की वास मारणारे खडे भरलेली ती प्लास्टिकची गुहा म्हणजे संडास. कुंडीत माती होती म्हणून कुंडी, आणि गादी मऊ, उकरता येते, पाणी शोषते, म्हणजे तिच्या हिशोबाने ती पण मातीच. आणि एवढं मोठं अनोळखी घर ओलांडून रात्री पॅसेजपर्यंत जायचं म्हणजे तिच्यासाठी दुसऱ्या बोक्याच्या एरियातून जाण्यासारखं.

उपाय केला तो असा. तिला फक्त बेडरूम दिली, दार बंद. हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचं घमेलं आणलं, तेच ते सिमेंट कालवायचं, उघडं, ऐसपैस. लिटरचा डबा मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा असं म्हणतात आणि दुकानातले बहुतेक डबे त्यात बसतच नाहीत. त्यात कुंडीतली माती आणि थोडी वाळू, तीनेक इंच. जेवणाची वाटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कारण जिथे खातात तिथे ती करत नाहीत (आपण तरी करू का). पहिल्याच रात्री खसखस खसखस उकरल्याचा आवाज आला आणि मी अंधारात पडल्या पडल्या एवढी खूश झाले की नवऱ्याला उठवून सांगितलं. मग रोज माती थोडी कमी, बेंटोनाइट म्हणजे ते गोळा होणारं बिनवासाचं लिटर थोडं जास्त, असं करत दहा-बारा दिवसांत पूर्ण लिटरवर आली. साफ करायला स्वयंपाकघरातला जुना झारा घेतला, दिवसातून दोनदा. तुळशीच्या कुंडीवर मोठे गुळगुळीत दगड पसरले. ती नीट जेवायला लागली, दार उघडलं की शेपूट वर करून यायला लागली, मग एकेक करत घर उघडलं. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर गादी वाचली असती.

पण गादी वाचली नाही, आणि राउंड दोन तिथेच झाला.

जुलैच्या मध्यात, घमेलं व्यवस्थित वापरतेय, सगळं छान, आणि अचानक परत गादीच्या त्याच कोपऱ्यात. मी लगेच मागचा उपाय काढला, परत बेडरूममध्ये कोंडलं, परत माती. आठ दिवस ठीक, बाहेर सोडली की परत गादी. हे दोनदा केलं. मग एकदा मी स्वतः गुडघ्यावर बसून त्या कोपऱ्याचा वास घेतला तर तो वास ताजा नव्हता, जुनाच होता, पण जूनमध्ये गेलेला तो वास परत आला होता.

झालं असं की मांजराच्या शूमध्ये युरिक अॅसिड असतं आणि त्याचे बारीक खडे कापसात, फरशीच्या सांध्यात, लाकडात बसतात. पाण्यात ते नीट विरघळत नाहीत. कोरडं असताना आपल्याला काही कळत नाही, हवा दमट झाली की वास परत उठतो. आणि मुंबईचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको, मीठ सुद्धा पाणी धरतं. आपल्या नाकाला तो हलका येतो, तिला मात्र तिथे 'संडास' अशी पाटीच लावल्यासारखी दिसत असणार. म्हणजे मिसळ काही विसरली नव्हती, उलट तिच्या लक्षात होतं.

त्यात आमची फिनाईलची सवय. आपल्याकडे घाण झाली की फिनाईल, हे रक्तात आहे. पण काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल असतात आणि मांजराच्या लिव्हरला ते नीट पचवता येत नाहीत, ती फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते, म्हणजे सगळं पोटात. पांढरं पाईनच्या तेलाचं असतं, ते पण नकोच. डांबराच्या गोळ्या पण कपाटातून काढल्या मी. अमोनियावाले क्लीनर तर मुळीच नको, शूमध्येच अमोनियाचा वास असतो त्यामुळे तुम्ही तिथे अजून शू ओतताय असंच तिला वाटणार. आणि ब्लीच शूवर ओतलं तर घसा जळणारा वायू होतो, मी ओतलंय, नका ओतू. व्हिनेगरने वास दबतो पण खडे राहतात.

लागतं ते एन्झाइम क्लीनर, म्हणजे शूचा अंश मोडून काढणारं लिक्विड. पेट शॉपमध्ये, ऑनलाइन कुठेही मिळतं, कुठलंही घ्या, वापरायची पद्धत जास्त महत्त्वाची आहे. आधी फिनाईल-साबणाचा सगळा अंश साध्या पाण्याने काढायचा नाहीतर एन्झाइम काम करत नाहीत. मग जेवढ्या खोल शू गेलीये तेवढ्या खोल हे गेलं पाहिजे, म्हणजे स्प्रे मारून पुसायचं नाही, ओतायचं, ओलं ठेवायचं बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ, आणि मग पंख्याखाली आपोआप वाळू द्यायचं. फरशीचे सांधे, सोफ्याचा पाय, पडद्याची खालची पट्टी, सगळीकडे केलं. कुठे कुठे आहे हे शोधायला एक स्वस्तातला यूव्ही टॉर्च आणला, रात्री लाइट बंद करून फिरलो, डाग हिरवट-पिवळे चमकतात. आम्हाला तीन माहीत होते, सापडले सात. एक तर शू-रॅकच्या मागे.

कापसाच्या गादीचं काही होत नाही. पावसात ऊन नाही, आत सहा इंच कापूस, किती ओतणार. गादीवाला म्हणाला पिंजून देतो, पण त्याच कापसात खडे आहेत ना. टाकली. ती सासूबाईंच्या माहेरची गादी होती, त्यामुळे हे वाक्य लिहायला जेवढं सोपं आहे तेवढं ते नव्हतं.

गादी गेली, गादीवरची शू गेली. ऑगस्ट शांत.

तिसरा राउंड गणपतीत. घरी पाच दिवसांचा असतो आमचा, माणसं, आरत्या, झांजा, घमेलं हॉलमधून बाल्कनीत हलवलेलं. दुसऱ्या दिवशी रात्री तीनला मिसळ दाराशी बसून जे ओरडायला लागली, ते आपण म्हणतो तसं म्याव नाही, लहान बाळ रडतं तसं लांबलचक. आणि पडद्यावर शू. सगळ्यांचं एकमत, माणसांमुळे घाबरली. मी एन्झाइम क्लीनर घेऊन पडद्याच्या मागे. परत बेडरूम, परत माती. काही उपयोग नाही, दिवसभर जमिनीवर लोळतेय, पाठीवर हात ठेवला की मागचं अंग वर, शेपूट बाजूला. माझी मावशी आली होती दर्शनाला, गावाकडची, तिने एका मिनिटात सांगितलं, अगं माजावर आलीये ती.

एवढी साधी गोष्ट. आणि खिडकीखाली दोन बोके ठाण मांडून, त्यातल्या एकाने आमच्या दाराच्या चौकटीवर फवारा मारून ठेवलेला. बसून केलेली शू आणि फवारा यातला फरक बघायला शिका, त्याने अर्धं निदान घरीच होतं. बसून केलेली शू आडव्या जागेवर असते, भरपूर असते. फवारा उभ्या जागेवर, पडदा, भिंत, दार, आणि थोडासाच, शेपूट थरथरत उभ्याने मारलेला. तो संडासचा प्रॉब्लेम नसतो, ती चिठ्ठी असते. मादी पण मारते, फक्त बोकाच मारतो असं नाही.

मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, साधारण आठवडाभर राहतो, मग दोन-तीन आठवड्यांनी परत, आणि आपल्या हवेत हे जवळपास वर्षभर चालू. म्हणजे बघा, 'आठवड्यात आपोआप थांबलं आणि महिन्याने परत सुरू झालं' असं असेल आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर आधी हेच. आम्ही ऑपरेशन का नव्हतं केलं, तर कुणीतरी सांगितलं की पावसाळ्यात टाके वाळत नाहीत. डॉक्टरबाई हसल्या. माज उतरेपर्यंत थांबून मग केलं, कारण त्या काळात तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो. दहा दिवस गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर, त्या काळात बेंटोनाइट टाक्यांना चिकटू नये म्हणून घमेल्यात फाडलेला पेपर. आम्ही जवळच्याच दवाखान्यात केलं. मुंबईत खर्चाची अडचण असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट, 1883 पासूनचं, नावात बैल आणि घोडा असले तरी मांजरांना बघतात, जाण्याआधी फोन करून विचारा. बोका असेल तर त्याचंही करा, केल्यावर दहातले नऊ बोके फवारे मारायचे थांबतात, एखादा नाही थांबत.

चौकट मी एन्झाइमने धुतली, खिडकीची खालची काच महिनाभर पेपर लावून झाकली म्हणजे तिला बोके दिसणार नाहीत. तेव्हाच लक्षात आलं की आमची कबुतरजाळी नायलॉनची आहे आणि मिसळबाईंनी एक कोपरा चावून हातभर भोक पाडलंय. तिसरा मजला. स्टीलची जाळी लावली दुसऱ्याच दिवशी. कबुतरजाळी कबुतरासाठी असते, मांजरासाठी नाही, हे प्लीज लक्षात ठेवा.

आता चौथा राउंड, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

दिवाळी. ऑपरेशन झालेलं, डाग नाहीत, घमेलं जागेवर. फटाके सुरू झाले आणि मिसळ पलंगाखाली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगवर शू. मग बाथरूमच्या मोरीत. मग घमेल्यात जाते, बसते, काही नाही, उठते, परत बसते, चार थेंब. नवरा म्हणाला फटाक्यांनी घाबरलीये, दिवाळी संपली की होईल नीट. मी पण हो म्हणाले. मोरीच्या पांढऱ्या टाइलवर थेंब गुलाबी दिसला तेव्हा हातपाय गार पडले.

डॉक्टरांनी शू तपासली, सोनोग्राफी केली, इन्फेक्शन नाही, खडा नाही. म्हणाल्या सिस्टायटिस, मूत्राशयाला सूज, आणि तरुण मांजरांत बहुतेक वेळा त्याला जंतू कारण नसतात, टेन्शन असतं. म्हणजे नवरा 'घाबरलीये' म्हणाला ते बरोबर होतं, पण 'होईल नीट' हे अर्धंच बरोबर होतं. त्यांनी पुढे जे सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. हे दुखणं बऱ्याचदा पाच-सात दिवसांत आपोआप कमी होतं. त्यामुळे त्या पाच-सात दिवसांत तुम्ही जे काही केलं असेल, अँटिबायोटिक, लिटर बदलणं, नजर काढणं, तेच लागू पडलं असं तुम्हाला वाटतं. (सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळली होती, ती बरी झाल्याच्या श्रेयावर त्यांचा आजही हक्क आहे.) आणि मग पुढच्या वेळी परत झालं की तोच उपाय, आणि मांजर तेवढे दिवस दुखणं सोसत बसतं.

दुखण्यावर औषध दिलं, मांजराचंच, डॉक्टरने मोजून दिलेलं. आपली पॅरासिटॅमॉल मांजराला विष आहे, अर्धी पाव काही नाही, एक कणही नाही. बाकी उपाय म्हणजे पोटात पाणी जास्त जाणं. मांजर तहानेने फारसं पाणी पीत नाही, कोरडे दाणे खाणाऱ्याला तर जास्तच लागतं. म्हणून एक वेळ ओलं खाणं, पाण्याच्या तीन वाट्या तीन ठिकाणी, पसरट, म्हणजे मिशा कडेला लागत नाहीत. मांदेलीचं बिनमिठाचं उकडलेलं पाणी टाकलं की चाटूनपुसून. पण नुसत्या माशांवर ठेवू नका, टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं त्यांना, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय जातं, आणि कच्च्या माशाने वेगळीच भानगड होते. दुधाचं तर विचारूच नका, डोळे मिटून पितात खरं पण बहुतेकांना पचत नाही, जुलाब होतात आणि तो अजून एक राउंड.

बोका असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती अडकते. घमेल्यात जाऊन जोर करतोय, ओरडतोय, थेंबही येत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. एक-दोन दिवसांत जीव जातो त्यात. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय.

तर आता आमच्याकडे नवीन ठिकाणी शू दिसली की मी आधी काय बघते, तर किती आहे. थेंब थेंब असेल, रंग असेल, सारखी जात असेल तर बाकी काही न करता डॉक्टर. उभ्या जागेवर असेल तर खिडकीबाहेर कोण आलंय ते बघते. भरपूर आहे, आडवी आहे, जुन्याच जागी आहे, तर टॉर्च आणि एन्झाइम. नवीन जागा आणि बाकी मांजर ठणठणीत, तर गेल्या आठवड्यात घरात काय बदललं ते आठवते, लिटरचा ब्रँड, घमेल्याची जागा, पाहुणे, कुणी झारा मारायला विसरलं का. बहुतेक वेळा कुणीतरी झारा मारायला विसरलेलं असतं आणि तो कुणीतरी कबूल करत नाही.

रात्रीच्या ओरडण्याचं थोडक्यात सांगते कारण ते पण सगळे विचारतात. माज नाही, दुखत नाही, भूक नाही एवढं बघून घ्या, मग ते बाहेर जायचं ओरडणं असतं. मांजर पहाटे आणि संध्याकाळी चळवळं असतं, त्यात हिची पार्किंगची ड्युटी. झोपायच्या आधी पंधरा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसामागे दमवायचं, मग जेवण द्यायचं, की ती अंग चाटून झोपते. आणि दार उघडायचं नाही म्हणजे नाही. आम्ही चार रात्री कान दाबून काढल्या, पाचव्या रात्री नवऱ्याने वैतागून दार उघडलं, पाच मिनिटांत ती आपणहून परत आली, पण त्यातून ती एवढंच शिकली की पाच रात्री ओरडलं की दार उघडतं. परत एकपासून मोजायला लागलो.

सासूबाई म्हणतात कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला. असेल. बिल्डिंगमधले काही लोक म्हणाले तिला परत खाली सोडा, तिची सवय आहे. आता दार उघडं राहिलं तरी ती उंबऱ्यापर्यंत जाते, जिन्याकडे बघते आणि परत येऊन फ्रीजवर बसते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रबराचा तळ असलेलं पायपुसणं. डाग नाही, आजार नाही, नवंकोरं आणलं तरी दुसऱ्या दिवशी त्यावर शू. बऱ्याच मांजरांना त्या रबराचं काहीतरी असतं म्हणे. तीन पायपुसणी फेकल्यावर आता आम्ही जुना टॉवेल घडी घालून ठेवतो, त्यावर ती झोपते. कुणाकडे यावर काही उपाय असेल तर सांगा, नाहीतर टॉवेल आहेच.